लंगडीची पट्टी

मुळा धरणाचं पाणी ओसरलं की काठच्या गाळात हरभरा पेरणारी ती बाई. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. तीही मला 'दुर्बीणवाले भाऊ' एवढंच म्हणायची. पाण्यालगतची चार पावलांची पट्टी मात्र ती पेरत नसे. ती जागा हिमालयापलीकडून येणाऱ्या एका तुतारी पक्ष्याची.

"लंगडी हाय ती. दरसाली हितंच येती."

"मावशी, सगळे सारखेच दिसतात," मी हसून म्हणालो होतो. मी पक्षी मोजणारा माणूस; माझ्या वहीत लंगडी म्हणजे नुसता एक आकडा.

यंदा लंगडी आलीच नाही. मावशीच्या दिराने पट्टी पेरायचा धोशा लावला.

"भावजी, सोमवारपातुर थांबा," ती म्हणाली.

सोमवारी सकाळी मी पोचलो तेव्हा दीर बियाणं घेऊन उभाच होता. ती कमरेवर हात ठेवून पाण्याकडे बघत होती. तेवढ्यात एक पक्षी पाण्याला घासून उडत आला, पट्टीवर उतरला आणि शेपटी हलवत लंगडत चालू लागला. मी दुर्बीण लावली. त्याच्या डाव्या पायाला बोटंच नव्हती.

मी दुर्बीण तिच्यापुढे धरली. तिने ती हळूच बाजूला सारली.

"भावजींना द्या," ती म्हणाली. "मला दिसती."