पाच पायांचं हरीण

सोलापूरला उतरलो तेव्हा सकाळचे दहाच वाजले होते, पण उन्हाचा आणि माझा काहीतरी जुना वाद असावा. नाशिकला आमच्या शेजारच्या कुलकर्णीबाईंनी महिनाभर एकच टुमणं लावलं होतं, "अहो, ती मृगनगरी बघून या. पाच पायांच्या हरणाची काय पवित्र संस्कृती आहे म्हणून सांगू!" मी निघालो तो त्यांचं तोंड बंद करायला.

मृगनगरी म्हणजे शहराबाहेरच्या माळावर उभारलेलं एक रिसॉर्ट. फाटकावर थर्माकोलची शिंगं लावलेली एक मुलगी उभी होती. तिनं माझ्याही डोक्यावर पुठ्ठ्याची शिंगं चढवली आणि दोन बोटं कपाळाला लावून वाकायला सांगितलं. हा म्हणे मृगवंशीयांचा नमस्कार. मी वाकलो, लाज वाटते सांगायला. मग तिनं कहाणी घडाघडा म्हणून दाखवली. हरणाचे चार पाय चार दिशांचे, पाचवा उचललेला आकाशाचा. तो टेकेल त्या दिवशी दुष्काळ संपेल.

"किती जुनी आहे ही प्रथा?"

"पुरातन, सर."

"आणि तुम्ही कुठल्या मृगवंशातल्या?"

तिनं मागं वळून पाहिलं आणि हळूच म्हणाली, "मी दुधनीची हाय, सर. दोन वर्सं झाली हितं लागून. नगरीबी तेवढीच जुनी हाय की."

दोन वर्षांची पुरातन संस्कृती! पुढं 'मृगभोज' म्हणून कडक भाकरी (वाळवून कुरकुरीत केलेली) आणि शेंगाचटणी वाढली, जी सोलापुरात घरोघरी असते. चटणी झकास होती, तेवढं कबूल करतो. समोरच्या भिंतीवर देव टांगावा तशी एक चादर टांगली होती. तिच्यावरच्या हरणाला छातीतूनच पाचवा पाय फुटला होता. हे ध्यान कुणी काढलं म्हणून विचारलं, तर मुलगी म्हणाली, "शहरात पूर्व भागात विणकरांची वस्ती हाय, तितल्या नरसय्यांनी."

या माणसाला बघायचंच, असं ठरवून मी रिक्षात बसलो. "साहेब, शिंगं काढा की, टप फाटंल!" रिक्षावाला ओरडला. डोक्यावर शिंगं आहेत हे मी साफ विसरलो होतो.

नरसय्या म्हातारे, घरात तेलुगू बोलणारे. समोर जेकॉर्डच्या पत्त्यांचा ढीग (भोकं पाडलेले पुठ्ठे, त्यांवरून मागाला नक्षी कळते). मी खवचटपणे दोन बोटं कपाळाला लावली. ते हसले नाहीत.

"तुमीबी तितनंच आला व्हय?" म्हणाले. "पाय पयला उचललेला काढला होता. नगरीचे मालक म्हणले, टेकलेला पायजे. टेकलेला काढला, उचललेला खोडायचा राहिला. डोळ्यात मोतीबिंदू होता ओ. सगळा माल विणून झाल्यावर सून म्हणली, मामा, पाय मोजा."

"मालकाला सांगितलं नाहीत?"

"लगेच सांगितलं. नवे पत्ते पाडून देतो म्हणलो. ते म्हणले, गप बसा. आठ दिवसांत गोष्ट तयार!" ते पत्त्यांवरून हात फिरवत राहिले. "चाळीस वर्सं मोर काढले, हत्ती काढले. आता लग्नाला गेलो तरी लोक इचारतात, नरसय्या, बकरीला किती पाय?"

मघाशी कपाळाला लावलेली बोटं मला आता टोचू लागली. त्यांनी ट्रंकेतून एक चादर काढली. डोळ्याच्या ऑपरेशननंतर विणून घेतलेली एकच. चार पाय, मान वळवलेली, कान टवकारलेले. हात लावला तर पळेल असं हरीण. मी थक्क झालो.

"मालकानं परत पाठवली. खोटं हरीण म्हणले. तुमी न्या. घरी दाखवा, आन् काय म्हणतात ते फोन करून सांगा. सांगाल की?"

"नक्की सांगेन," मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो.

नाशिकला पोचल्याबरोबर कुलकर्णीबाईंना बोलावून चादर पलंगावर पसरली. त्यांनी वाकून, बोट लावून पाय मोजले. पुन्हा मोजले.

"फसवलं हो तुम्हाला," त्या हळहळल्या. "डुप्लिकेट दिली."

मी नरसय्यांची सगळी हकिगत सांगितली. त्यांचा पत्ते पाडण्यातला हात, मोतीबिंदू, सगळी. बाईंनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "विणकर माणूस तो. त्याला काय माहीत असणार त्या हरणाचं?"

चादर मी घडी करून ठेवली. आज चौथा दिवस, नरसय्यांना अजून फोन केलेला नाही.