वच्छलाबाई निराधार नव्हत्या

मला लिहिण्याची सवय नाही. वरणगावच्या सरकारी कारखान्यात कारकुनी केली, तेही ठरलेल्या साच्यातलं लिखाण. पण वच्छलाबाईंच्या बाबतीत चूक माझी आहे, म्हणून लिहितो.

नरडाण्याजवळच्या आमच्या गावात त्यांनी पन्नास वर्षं दुसऱ्यांच्या शेतात निंदणी आणि कापूस वेचणी केली. आमदार गावात येणार असं कळलं, तेव्हा त्या माझ्या ओट्यावर आल्या.

"आबा, तुमले दर महिनाले पेन्शन येस ना?"

"येते."

"तुम्हीन खुर्चीवर बठीसन काम करं, आम्हीन वाकीसन करं. सरकारले वाकेल माणूस दिखत नही का? लिखा, शेतमजूर बाईले पेन्शनना कायदा करा. भीक नको, आमना हक शे."

मी लिहायला बसलो. इतकं रोखठोक आमदारांपुढे कसं ठेवायचं, असं मला वाटलं. हाताला सवय होती तसं लिहीत गेलो: आम्ही निराधार महिला असून, सहानुभूतीपूर्वक विचार होऊन मदत मिळावी, ही नम्र विनंती.

"वाची दखाडा," त्या म्हणाल्या.

मी कागद समोर धरला आणि त्यांचेच शब्द बोलून दाखवले. त्या खूश झाल्या. घरोघर फिरून त्यांनी एकेचाळीस बायांचे अंगठे आणले.

ग्रामपंचायतीसमोर आमदारांच्या माणसाने अर्ज मोठ्याने वाचला. 'निराधार' शब्दाला वच्छलाबाई उठून उभ्या राहिल्या.

"कोण निराधार? बठ्ठा शिवार आमना आधारवर उभा शे."

लोक हसले. आमदारही हसले. "आजी, अर्जात तुम्हीच लिहिलंय," असं म्हणून त्यांनी प्रत्येक बाईला साडी जाहीर केली. फोटो निघाले. कायद्याचं नाव कोणी काढलं नाही, कारण कागदावर ते नव्हतंच. वच्छलाबाईंनी साडी घेतली नाही. जाताना माझ्याजवळ थांबल्या.

"तुमना कागद भलता गरीब निघना, आबा."

एवढंच. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

आठ दिवसांनी मी नवा अर्ज लिहिला, त्या बोलल्या होत्या तसाच, आणि स्वतः दारोदार गेलो. पण बाया अंगठा द्यायला तयार होईनात. त्यांच्यातली सुनिता म्हणाली, "नको आबा. साडी भेटनी. हक हक करं तर पुढला टाइमले तेबी भेटाव नही." बाकीच्याही तेच म्हणाल्या. एका सभेत त्या हात पसरायला शिकल्या होत्या, आणि ते माझ्या कागदाने शिकवलं होतं.

शेवटी वच्छलाबाईंकडे गेलो. त्यांनी या वेळी वाचून दाखवायला सांगितलं नाही. अंगठा उमटवला आणि रिकामी जागा पाहत विचारलं, "बाकीन्या?"

मी शाईच्या डबीचं झाकण लावलं. त्यांना कळलं. कागद माझ्याकडे सारून त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या.

मार्गशीर्षात त्या गेल्या. आदल्या दिवसापर्यंत वेचणीला जात होत्या. तो अर्ज मी आमदारांना पाठवला. उत्तर आलं, एका व्यक्तीच्या मागणीवर धोरण ठरवता येत नाही.

आमदारसाहेब, मागणी एका व्यक्तीची नव्हती. मी एकेचाळीस जणींची एकीवर आणली. तुम्ही मतांचा हिशोब न करता हा कायदा सभागृहात मांडा. आमच्या बाया आता हक्क मागायला येणार नाहीत.