तो गाडीत चढतो की नाही

माझी धाकटी बहीण गेली त्याच्या आधीचे काही महिने मी तिला एका जपानी गुंडाची प्रेमकथा वाचून दाखवत होतो. डोक्यातली गाठ नजरेच्या शिरेवर दाबत होती. नागपूरच्या डॉक्टरांनी ऑपरेशनला नकार दिल्यावर आम्ही तिला हिंगणघाटला घरी आणलं, तोवर तिला फक्त उजेड आणि अंधार कळत होता.

पूर्वी ती आमच्या कापडाच्या दुकानात गल्ल्यावर बसून मोबाइलवर या चित्रकथा वाचायची. मंगा म्हणतात त्यांना. ही एक अर्धवट राहिली होती. नायक याकुझा, म्हणजे तिकडच्या टोळीतला. पाठभर गोंदलेल्या लाटा, ओठांवर हसू, आणि पुढच्या क्षणी तो काय करील याचा त्याच्या माणसांनाही पत्ता नसायचा. दाताच्या दवाखान्यात काम करणारी एक मुलगी दिसावी म्हणून त्याने आपला धडधाकट दात उपटून घेतला होता.

मी वर्ध्याला कॉलेजात शिकवतो. मला शब्द वाचायची सवय. पहिल्या दिवशी मी संवादाच्या फुग्यांतली इंग्रजी वाक्यं तेवढी मराठीत सांगत गेलो. ती वैतागली.

"तो काय बोलून राह्यला ते सोड दादा. करून काय राह्यला?"

"काही नाही. उभा आहे."

"कसा उभा हाये? हात कुठी हायेत?"

मी पुन्हा पाहिलं. एक हात खिशात होता. दुसऱ्या हाताने त्याने त्या मुलीच्या छत्रीचं टोक धरून ठेवलं होतं आणि तिला ते कळलं नव्हतं.

"अन् म्हणे काही नाई," बहीण म्हणाली.

आई पायथ्याशी बसून तिचे तळवे चोळायची. "एवढा आवडते त जावई करून आणा बापा त्याले. दुकानात बसवू."

"दुकान जाळून टाकन तो, आई," ती म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी हसली.

मग गोष्ट थांबली. मुलगी शहर सोडून निघालेली, गाडी सुटते आहे, तो फलाटावर, आणि मागून टोळीच्या म्होरक्याने त्याला हाक मारली आहे. पुढचा भाग कधी येईल हे चित्रकाराने कळवलं नव्हतं. तो भाग आला तेव्हा ऐकणारी उरली नव्हती. मी रोज सकाळी उठल्याबरोबर मोबाइल पाहायचो. तिच्या बोलण्यातून आता शब्द गळू लागले होते. "तो गाडीत चढते का नाई, एवढं मले समजलं पाह्यजे," असं ती म्हणे. तिने दुसरं काही मागितलंच नाही.

शेवटी मीच भाग रचला. आला म्हणून सांगितलं. तो गाडीत चढला, तिची माफी मागितली, टोळी सोडली.

"हा तो नाई," ती लगेच म्हणाली. "माफी मागते तो? हा तू हायेस दादा. चाल, खरं वाच."

खोटं पकडलं गेलं याचा मला आनंद झाला. दुसऱ्या दिवशी मी वेगळा शेवट सांगितला, मग आणखी एक. एक फार गोड होता, एक सिनेमावानी. प्रत्येकाला ती नाई म्हणायची, आणि का नाही तेही सांगायची. सांगताना तिच्या आवाजाला जुनी धार यायची. तेवढ्यासाठी मी रचत राहिलो.

एका दुपारी सांगितलं की तो वळला आणि मुकाट्याने म्होरक्यामागे निघून गेला.

"हो," ती म्हणाली.

"हो काय? असा जाईल तो?"

"जाईन तो."

मला भीती वाटली. "ऐक, चुकलो मी. तो फलाटावर बसून ढसाढसा रडला."

"हो."

"पोलिसांना शरण गेला. मग दुसऱ्याच मुलीशी लग्न केलं त्याने. सुखात आहे."

"हो, दादा."

आईचे हात थांबले होते. मी थांबलो नाही. त्या माणसाने जन्मात केल्या नसत्या अशा गोष्टी मी त्याला एकामागून एक करायला लावल्या, आणि तिने एकही अडवली नाही.

"नाई म्हण," मी म्हणालो. "एकदा तरी नाई म्हण."

"हो," ती म्हणाली.