दारावरचा दगड

इंग्रजांचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. खडेबाजारातून भाड्याची सायकल घेऊन मी येळ्ळूरचा गड बघायला गेलो. चढताना गवत कापायला निघालेला एक म्हातारा सोबतीला मिळाला. दरवाजाशी आलो, तर वरचा दगड जागेवर नव्हता. नुसतं आभाळ होतं. मी ताठ मानेनं आत गेलो. म्हातारा मात्र कमरेत वाकून आला. मला हसू आलं.

“आप्पा, वाकताय कशाला? वर दगड कुठाय?”

“मीच न्हेला की, बैलं जुंपून. घराच्या दाराला लावलाय,” तो म्हणाला. “तवापासनं हितं वाकल्याबिगर पाऊल उचलत न्हाय.”

उतरल्यावर त्यानं मला ताक प्यायला घरी नेलं. दार चांगलं उंच होतं. तो ताठ आत गेला.

मी वाकून गेलो.