नाव वाळूत रुतली तेव्हा

गंगेवर माझा राग होता, हे आधीच सांगून टाकते. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. लग्नानंतर वर्षाच्या आतच माझं पहिलं बाळ गेलं आणि मी तिची ओटी भरणं सोडलं. नदीच्या जिवावर जगणाऱ्या नावाड्याच्या बायकोनं असं करणं म्हणजे सासूशी अबोला धरण्यासारखंच. पण मी पहिल्यापासून हट्टी. मग आमचे हे काय करायचे, तर खेपेला निघण्याआधी स्वतःच खण-नारळ घेऊन पाण्यात उतरायचे. पुरुषानं ओटी भरायची! घाटावरच्या बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. हे म्हणायचे, "हसा की. घरात एक रुसलेली हाय, दुसरी रुसू नये म्हनून भरतो." मलाही हसू यायचं, पण मी ते गिळून टाकायची.

घर म्हणजे आमची नावच. निजामाच्या राज्यात गेवराईकडचे रस्ते असे होते, की पावसाळ्यात बैलगाडी कण्यापर्यंत रुतायची. म्हणून ज्वारीची पोती, मीठ, गाडगी-मडकी नावेतून जायची. मागच्या टोकाला तट्ट्याचं छप्पर, त्याखाली चूल, गोधड्या आणि माझी एक ट्रंक. खाली जाताना धार न्यायची, वर येताना दिवाळीनंतरचा उगवतीचा वारा शिडात भरायचा. ना सासूची कुरकुर, ना जावांची धुसफूस. खरं सांगते, त्या नावेत मी राणी होते. बंधन एकच होतं. शिडाच्या दोरीला आणि सुकाणूला बाईनं हात लावायचा नाही, ही आमच्या घराण्याची रीत. त्यामुळे सगळी नदी डोळ्यांनी पाठ असूनही नाव कशी वळवायची ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

त्या हिवाळ्यात काठच्या गावांत पटकीची साथ होती. माल उतरवून आम्ही परत निघालो आणि सकाळीच यांना ढाळ-वांत्या सुरू झाल्या. ऊन वर येईपर्यंत डोळे खोल गेले, आवाज बसला, बोटांची कातडी सुरकुतली. धारेनं आणि बांबूच्या जोरावर मी नाव कशीबशी जवळच्या गावाला लावायला नेली, तर काठावर माणसं काठ्या घेऊन उभी. "दोर फेकू नका बाई, नाव म्होरं न्या! गावात लेकरंबाळं हायेत," एक म्हातारा ओरडला. मी हात जोडले, पदर पसरला. त्याचे डोळे भरून आले होते, पण काठी काही खाली आली नाही. त्यांना मी आजही दोष देत नाही. त्यांच्या वेशीतून रोज तिरडी निघत होती.

वैद्य होता राक्षसभुवनाला, म्हणजे धारेच्या उलट. मी रीत गुंडाळून ठेवली आणि शिडाची दोरी ओढली. वारा भरला, नाव हलली, आणि मी सुकाणू पोटाशी धरून बसले. मागून यांचं एकच चाललेलं, "पानी... थोडं पानी दे गं." पटकीच्या माणसाला पाणी द्यायचं नाही, पाणी पोटात गेलं की माणूस गेलाच, हे आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. म्हणून मी घागर त्यांच्या हाताला लागणार नाही अशी दूर ठेवली होती. पाण्यावर राहणारा माणूस, आणि घोटभर पाण्यासाठी बायकोच्या विनवण्या करतोय. ते ऐकवत नव्हतं.

शेवटी हे सरपटत कडेला गेले आणि ओंजळ नदीत घालायला वाकले. मी सुकाणू टाकून धावले आणि त्यांना कमरेला धरून मागं ओढलं. तेवढ्यात नावेनं तोंड फिरवलं आणि वाळूच्या बेटावर जाऊन ती धाडकन रुतली. मी खाली उतरून बांबू लावून रेटलं, हाताची सालं निघाली, नाव तसूभर हलेना. तेव्हा मी तोंडाला येईल ते बोलले. "गंगे, ओटी यांनी भरली गं, रुसले होते मी! राग माझ्यावर काढायचा सोडून यांना का नेतेस?" बांबू हातातून सुटला, मी तशीच वाळूत बसले आणि म्हणाले, "आता तुझं तू बघ." आयुष्यात पहिल्यांदा मी हट्ट सोडला असेल, तर त्या दुपारी.

त्या बेटावर टरबुजाचे वेल लावून एक म्हातारी खोपटात राहत होती. सगळे तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणत. ती तंबाखू थुंकत आली, यांच्याकडे बघितलं आणि माझ्यावरच खेकसली. "अगं ए, त्याला पानी कावून देईना?"

"पटकी हाय खाला. पानी दिलं की मानूस जातो म्हनत्यात."

"न दिल्यानं जातो! माझा मालक असाच गेला. पानी पानी करत गेला, अन् मी येडी घागरीवर हात ठिवून बसले. सरक बाजूला."

तिनं ज्वारीच्या कण्यांची पातळ पेज शिजवली, मीठ घातलं, आणि यांचं डोकं स्वतःच्या मांडीवर घेऊन चमच्या-चमच्यानं पाजू लागली. ओकले तरी पुन्हा पाजायची. माझ्या हातात वाटी दिली, आणि माझ्याकडून थेंब सांडला की शिव्या द्यायची. दिवस कलला तेव्हा यांच्या कपाळाला ऊब आली. यांनी डोळे उघडून विचारलं, "नाव कुनी रुतवली गं?" मी हसले आणि मग हुंदके देऊन रडले.

ही गोष्ट ऐकून लोक म्हणतात, ती म्हातारी म्हणजे साक्षात गंगामाईच. मी नाही म्हणते. गंगामाई तंबाखू खात नसावी, आणि इतक्या शिव्या तर नक्कीच देत नसावी. खाला खरीखुरी बाई होती, पुढं कित्येक हिवाळे आम्ही तिच्यासाठी मीठ आणि पान-तंबाखू घेऊन गेलो. पण मला जिथं जायचं होतं तिथं नाव पोचली असती, तर वाटेत मी यांना तहानेनंच मारलं असतं. ती कुणी रुतवली, याचा वाद मी कुणाशी घालत नाही.

त्यानंतर आमचा संसार पुष्कळ वर्षं चालला, लेकरं झाली, नातवंडं आली. म्हातारपणी हे गेले तेव्हा घाटाजवळच्या घरात अंथरुणावर होते. शेवटच्या दिवशी मला म्हणाले, "पानी दे." मी डोक्याखाली हात घालून गंगेचं पाणी पाजलं. पोटभर प्याले, तोंड पुसायला लावलं आणि म्हणाले, "आता बास." जायचं ते गेलेच. पण माझ्या हातचं पाणी पिऊन गेले, आणि हे मागणं मी गंगेकडे कधी मागितलंही नव्हतं.