येसामावशीकडं केलेलं बोट

हे आजवर मी कोणाले सांगितलं नाई. बायकोले नाई, लेकाले नाई. तुमाले काहून सांगून राह्यलो — थेही मले ठावं नाई.

केनवडच्या अलीकडं आमचं गाव. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. मी नवाच मास्तर झालतो, अन् दर पौर्णिमेले विहारात वंदना मीच घ्यायचो. लोकं म्हणत, पोरगं कसं ध्यान लावून म्हणते! ध्यान? कायचं ध्यान? डोळे झाकले का माहे कान बायकाइच्या बाजूले जात. तिथं माही माय बसे — अन् मायच्या तोंडात वंदना नव्हतीच. हात जोडलेले, ओठ हलत, पण पुटपुटत मरीमायचं जुनं गाणं चाले. धम्म घेतला तवा देव आमी पैनगंगेत सोडले. जिभेवरचे कसे सोडावे, हे तिले कोणी शिकवलं? कोणी ऐकलं तं? मास्तरची मायच अशी!

अन् एका पौर्णिमेले ऐकलंच. वाशिमहून मोठे पाहुणे आलते. त्याइनं हात वर केला, वंदना थांबली. "मरीमायचं गाणं कोण म्हणून राह्यलं इथं?"

माय बोलणारच होती — तेवढ्यात मी बोट केलं. तिच्या शेजारी बसलेल्या येसामावशीकडं. विधवा बाई, मागं ना पुढं कोणी. तिची बाजू कोण घेणार? हे बोट उचलायच्या आधीच मले समजलं होतं. घाबरून हात गेला असं नाई. समजून केलं.

पाहुणे लय बोलले तिले. देव सोडले अन् अजून त्याइचेच गोडवे? लाज नाई वाटत? मावशीनं एकडाव मायकडं पाह्यलं, एकडाव माह्याकडं. पदर सावरला अन् उठून गेली. पुन्हा विहारात आली नाई.

घरी माय म्हणे, "मी व्हती ना रे बाबू थे. तिच्यावर काहून ढकललं?"

"चूप बस," मी म्हटलं. अन् ती बसली. मरेपर्यंत विहारात तिनं ओठ हलवला नाई.

'माही माय आहे' म्हटलं असतं तं काय झालं असतं? दोन शब्द ऐकून घ्या लागले असते. बस, एवढंच. तेवढ्यासाठी मी दोघीइले मुकं केलं — थू माह्या मास्तरकीवर!

येसामावशी गेली तवा वंदना घ्यायले मलेच बोलावलं. गेलो. तिच्या उशाशी उभा राह्यलो अन् सगळी म्हटली. एक शब्द चुकला नाई.