गावची बाई

पालेगावच्या हिरामणचा सुयोग उल्हासनगरच्या एका स्कॅन सेंटरमध्ये एमआरआय काढतो. गावात त्याला ‘डॉक्टर’ म्हणतात आणि हा शहाणा कधी ‘नाही’ म्हणत नाही.

त्या दिवशी टेबलावर त्याची सख्खी आत्या होती, गोजरबाई. मेंदूत गाठ. ऑपरेशनआधी बोटं हलवताना मेंदूचा कुठला भाग जागा होतो ते सर्जनला हवं होतं, म्हणजे सुरी तिथे जाणार नाही. उजवा हात जपायचा होता. गावच्या हळदींना तांदळाच्या भाकऱ्या थापणारा हात. सुयोगच्या कॉलेजच्या डब्यात त्याच भाकऱ्या असत.

या स्कॅनची एक खोड आहे. नाकाकानातल्या हवेमुळे चित्र एका बाजूला ओढलं जातं. म्हणून एक छोटं चित्र मुद्दाम उलट बाजूला ओढून घ्यायचं. शेताचा बांध दोन भावांनी एकमेकांच्या बाजूला सरकवला, की खरी हद्द मधेच सापडते, तसं. कॉम्प्युटर तीच शोधतो. डोकं मात्र दोन्ही वेळा तसंच हवं.

उलटं चित्र झालं, बोटांचा मुख्य स्कॅन बाकी होता, आणि आतून हाक आली, “ए सुयोगबाला! मना बाथरूमला जावाचा हाय!”

सुयोगने आत बोलायचं बटण दाबून “आलो” म्हटलं. काचेअलीकडे सगळे हसले. रिपोर्ट देणाऱ्या डॉक्टर सोनिया मॅडमनी विचारलं, “रिलेटिव्ह आहे का तुझी?”

“नाही मॅडम, गावची आहे,” तो पटकन म्हणाला.

आत्याला नेऊन आणलं. डोकं आता जरा कलतं बसलं होतं. उलटं चित्र पुन्हा घ्यायला हवं होतं. पण आत्याने आणखी एक हाक मारली तर? लाजेपायी त्याने मुख्य स्कॅनला जुनंच जोडलं आणि मनाशी म्हणाला, चालून जाईल.

दुसऱ्या दिवशी सोनिया मॅडम रिपोर्टवर सही करू लागल्या, तेव्हा सुयोग पुढे झाला. सुधारलेल्या चित्रात बोटांची जागा बोटभर नव्हे, पण सुरी चुकेल इतकी सरकली असणार.

“मॅडम, सही नको. उलटं चित्र जुन्या पोझिशनचं आहे. मीच परत घेतलं नाही.”

“का?”

“ती माझी आत्या आहे.”

मॅडमना या उत्तराचा अर्थ लागला नाही. त्यांनी त्याला फैलावर घेतलं आणि पेशंटला परत बोलावलं.

गोजरबाई दुपारी आली. दारातच तिने मॅडमचा चढलेला आवाज ऐकला आणि पदर सावरत पुढे झाली. “त्याला बोलू नका बाई. माजीच चूक हाय, मीच हालली. आन नातं नाय हो आमचा. मी नुसती गावची हाय.”

काल बोलायच्या बटणावरून आपण बोट उचललंच नव्हतं आणि ‘गावची आहे’ हे आत ऐकू गेलं होतं, हे सुयोगला आत्ता कळलं. त्याला मान वर करवेना. मॅडम त्याच्याकडे बघत होत्या.

“आत्या,” तो सगळ्यांदेखत म्हणाला, “चल, मी झोपवतो तुला.”

“हळू बोल,” ती म्हणाली, “लोक ऐकतान.”